डिस्कमध्ये कोण बसलंय?

१२ फेब्रुवारी, सोमवार

सुटेना! शहराच्या पाइपांचे वीस वर्षांचे नकाशे असलेली जुनी डिस्क शेवटचे आचके देतेय. ती नीट सोडवली — अनमाउंट केली — की नकाशे नव्या डिस्कवर. तर संगणक म्हणतो, व्यस्त आहे, आत कुणीतरी बसलंय. जबरदस्तीचा आदेश दिला, तर सगळंच गोठलं. ना हो, ना नाही. तशीच उपटली तर नकाशांची वाट लागेल.

मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत. नाहीतर बाहेरचा माणूस बोलावू." बाहेरचा माणूस आला की माझं कायम होणं गेलंच! लागून तीन आठवडेच झालेत.

१३ फेब्रुवारी

आत कोण आहे त्याची यादी काढली. एकच नाव. बाबा! मी ज्यांच्या खुर्चीत बसते, ते माझे निवृत्त बाबा!

तरीच रोज चौकशी — "आज काय केलंस गं?" घरी बसून चोरून बघतात तर!

संध्याकाळी जेवताना पकडलं. "बाबा, आमच्या डिस्कमध्ये बसलाय तुम्ही?" घास हातातच राहिला. मग म्हणाले, "हो. मीच. पण इथून नाही सुटायचं ते. यावं लागेल." आणि उठून शर्टाला इस्त्री करायला गेले. अर्धं जेवण टाकून! आई नुसती हसत होती.

१४ फेब्रुवारी

मॅडमना सांगताना लाजेने मेले. त्या म्हणाल्या, "या म्हणावं काकांना शुक्रवारी." गालात हसत होत्या.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा आले ते नवरदेवासारखे. तासभर नुसत्या गप्पा! प्रिंटरचीसुद्धा विचारपूस. मॅडम म्हणाल्या, "काका, घरी करमत नाही ना?" बाबा मान खाली घालून म्हणाले, "चूक झाली." मला जरा वाईटच वाटलं.

मग माझ्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "जा, चहा घेऊन ये." मी काय चहावाली आहे? गेले तणतणत. परत येते तो डिस्क सुटलेली! नकाशे शाबूत. मॅडमनी माझ्या कायमच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज लॉगिनची नोंदवही चाळली. बाबांचं लॉगिन ते निवृत्त झाले त्याच संध्याकाळी बंद केलंय. घरून ते बसणार कसे?

डिस्क अडवून बसलेली ती फाइलची खिडकी उघडली होती माझ्या टेबलावरून. माझ्या पहिल्या, म्हणजे बाबांच्या शेवटच्या दिवशी. माझं लॉगिन तयार नव्हतं म्हणून बाबांच्या नावाने मीच आत शिरले होते, आणि तीन आठवडे खिडकी बाकी पसाऱ्यामागे तशीच उघडी! बाबांना त्या हातातल्या घासालाच कळलं असणार. चहाला पिटाळलं ते म्हणून.

त्यांना काही बोलणार नाही. पुढच्या महिन्यात दुसरी जुनी डिस्क सोडवायची आहे. आजच तिच्यात एक खिडकी उघडून ठेवली — या वेळी मुद्दाम.