पहिल्या पानावरची कुईं

प्रिय ठकू,

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक गृहस्थ तोंडाचा चंबू करून आपल्या मोटारसायकलचा आवाज काढून दाखवत होते, म्हणून तुझ्याशी धड बोलता आलं नाही. एका कानात तू रडवेली आणि दुसऱ्या कानात त्यांचं फुर्र फुर्र. तू भराभरा सांगितलंस, की येत्या सोमवारी साहेबांच्या टेबलावर माफीनामा ठेवायचा आहे, नाहीतर तुला काउंटरवरून उचलून मागच्या गोदामात सुट्या भागांची खोकी मोजायला बसवणार आहेत. आणि वर म्हणालीस, आई, तुझी हयात गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात गेली, तेव्हा चार ओळी तूच लिहून पाठव. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. आज शुक्रवार. तुला वाटलं असेल, म्हातारी विसरली. विसरले नाही गं. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा.

तू नीट सांगितलं नव्हतंस, म्हणून तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मीच फोन लावला. रागावू नकोस. तिने मला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. औषधं पोचवणारे ते काका, हँडल वळवलं की कट्ट वाजतं म्हणत होते. आणि तू म्हणे शोरूमच्या त्या काचेच्या गारेगार हॉलमध्ये त्यांना तो आवाज तोंडाने काढायला लावलास! सोफ्यावरची माणसं हसली, तुझे साहेब केबिनमधून डोकावले, आणि तू शांतपणे जॉबकार्डावर ‘कट्ट’ असं लिहिलंस. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून बाहेर आली, तू काकांना एक फेरी मारून यायला सांगितलंस, ते परत आले आणि म्हणाले, कट्ट आहेच. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरवर तक्रार बंद करा, दिवसाचा आकडा वर कंपनीला जायचा आहे. आणि तू चारचौघांत म्हणालीस, आवाज गेलेला नाही, मी बंद करणार नाही आणि गाडी आज देणार नाही. दुसऱ्या दिवशी हँडलच्या मुळाशी फुटकं बेअरिंग निघालं. तरी माफी तूच मागायची, कारण काय, तर कंपनीची शोभा झाली! वा रे वा! ठकू, हे ऐकून माझी छाती अशी फुगली, की ब्लाउजची बटणं सांभाळावी लागली. तुझ्या बाबांना सांगितलं तर ते नेहमीसारखे नुसते हात धुवायला गेले. पण त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला, अगदी नुसती हवा भरायला आलेल्यालासुद्धा, त्यांनी आपणहून सांगितलं, की आमची मुलगी मोठ्या शोरूममध्ये आहे. या माणसाने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी आपणहून बोललेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तुला आठवतं ना, मी काउंटरवर बसायला लागले तेच मुळी त्यांच्या तोंडामुळे. गाडी ओढत नाही अशी कुणी तक्रार केली, की हे म्हणायचे, मग तुम्ही ढकला. हात सोन्याचा आणि जीभ कानशीची. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी त्यांना सांगितलं, तुम्ही गाड्यांशी बोला, माणसांशी मी बोलते. आता मला तर गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाईक सांगायचं एक, मी लिहायची दुसरं, आणि हे उघडायचे तिसरंच. म्हणून मी आवाजांची वही काढली. कुणाला काही सांगू द्यायचं नाही, फक्त आवाज काढून दाखवायला लावायचं आणि तो जसाच्या तसा लिहायचा. केवढी मोठमोठी माणसं आपल्या काउंटरसमोर खुळखुळली, चिरकली आणि भुसभुसली! ते कडक इस्त्रीवाले वकील आठवतात? तीनदा इकडेतिकडे बघून हळूच ‘टुक’ म्हणाले होते आणि तू टेबलाखाली लपून हसत होतीस. हे वही उघडायचे, एकेक आवाज मनातल्या मनात वाचायचे आणि बरोबर त्याच जागी पाना लावायचे.

आणि वहीचा दुसरा नियम तर तुझ्या रक्तात उतरलाय, हे मला या आठवड्यात कळलं. गाडी झाली की गिऱ्हाइकाने स्वतः चालवून यायचं, आवाज गेला असेल तर स्वतःच्या हाताने त्या ओळीवर रेघ मारायची. आपण नाही. मिस्त्रीने नाही, काउंटरवालीने तर नाहीच नाही. कितीदा लोक वैतागले, वहिनी, तुम्हीच मारा की रेघ, आम्हाला घाई आहे. मी पेन पुढे करून बसून राहायची. तुला वाटत आलंय, की हा नियम दुकानाच्या पहिल्या दिवसापासून होता. तसंच तुला वाटत आलंय, की नवी वही सुरू करताना पहिल्या पानावर ‘पुढचा ब्रेक, उतारावर, कुईं’ अशी ओळ लिहायची आपली पद्धत आहे. अक्षर चांगलं म्हणून दोन वर्षं तर ती तूच लिहिलीस. का लिहायची, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, वही सुरू करायची म्हणजे काहीतरी लिहायला नको? तुला ते पटलं. पटण्यासारखं नव्हतं खरं तर.

ती कुईं सिस्टरांची आहे. आपल्या दवाखान्यातल्या सिस्टर, ज्यांचा मोटारसायकलवरून पडून मनगटाचा चुरा झाला होता आणि हात जरा वाकडाच जुळला. बाजाराच्या उतारावर ब्रेक लागला नाही. तू तेव्हा सातवीत होतीस. मिस्त्रीने ब्रेक तसाच राहू दिला, हे सगळ्या गल्लीत पसरलं, शाळेत तुझ्या कानावर आलं, आणि तू पंधरा दिवस बाबांशी एक अक्षर बोलली नाहीस. त्यांनी तुझी वेणी घालायला घेतली तर तू हात झटकलास. ते ऐकून घेत राहिले. दवाखान्यात जाऊन सिस्टरांच्या पलंगापाशी उभे राहिले आणि म्हणाले, माझ्याकडून राहिलं. एवढंच. तुला माहीत आहे ती गोष्ट इथवरच.

पुढची मी सांगते. त्या दिवशी दुपारी तुझ्या बाबांनी सिस्टरांच्या गाडीचं पुढचं चाक खोललं, ब्रेक शू पार झिजलेले निघाले. आपल्याकडे शिल्लक नव्हते. चाक परत बसवून, गाडी बाजूला लावून ते शू आणायला बाजारात गेले. आता आपल्या दुकानात धुतलेली गाडी म्हणजे झालेली गाडी, हे तुला माहीतच आहे. पण ऑइल नेमकं कुठून गळतंय ते दिसावं म्हणून त्यांनी ही गाडी आधीच धुतली होती. त्या काळी झालेल्या कामावर रेघ तुझे बाबाच मारायचे. सिस्टर ड्युटीला निघाल्या होत्या, घड्याळ बघत होत्या, मागे आणखी चौघं उभे. त्यांनी विचारलं, झाली का? मी गाडीकडे पाहिलं, ती लखलखत होती. वहीत पाहिलं, तर कुईंवर रेघ नव्हती. पाहिलं गं मी, ठकू. दिसलं मला. मनात म्हटलं, हे मारायला विसरले असतील. मी पेन उचललं, रेघ मारली, किल्ली दिली आणि वर हसून, सावकाश जा, असंही म्हटलं. हे शू घेऊन परत आले तेव्हा गाडी नव्हती. त्यांनी वही पाहिली, रेघ पाहिली आणि तसेच बाजाराच्या उताराकडे पळत सुटले.

त्यांनी मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, यापुढे रेघ गिऱ्हाईक मारेल. मी तीच ओळ नव्या पानावर पुन्हा लिहिली, रेघेशिवाय, आणि तेव्हापासून दर वहीत उतरवत आले. एवढंच प्रायश्चित्त माझं. कुणाला सांगायची मात्र हिंमत झाली नाही. लोकांनी ह्यांना नावं ठेवली, मी काउंटरवर बसून ऐकली. तू बाबांशी अबोला धरलास, मी तुम्हा दोघांची ताटं वाढत राहिले. तू पुन्हा बोलायला लागलीस तेव्हा मला वाटलं, चला, मिटलं. काही मिटलं नव्हतं.

तुझ्या त्या कट्टने मला जी चपराक बसली ती इथे बसली. माझी पोरगी सगळ्या हॉलसमोर, नोकरी टांगणीला लावून, रेघ मारायला नाही म्हणाली. आणि तिला ते शिकवणारी मी, सतरा वर्षं तोंड शिवून बसलेली. परवा बुधवारी दुपारी त्या वर्षीची वही आणि चालू वही पिशवीत घातली आणि सिस्टरांच्या दारात जाऊन उभी राहिले. आता निवृत्त झाल्यात त्या. पडल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता, सगळीकडे पायीच. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वह्या उघडून दाखवल्या, माझी रेघ दाखवली, मग पहिल्या पानावरची ओळ दाखवली. त्यांनी दोन्ही पानं बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, मिस्त्रींना मी काय काय बोलले होते, वहिनी. वह्या माझ्या हातात दिल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण लावलं. घरी कशी आले मलाच माहीत. तुझ्या बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, उगाच गेलीस. आणि मग चहा स्वतः टाकला.

काल सकाळी दहा वाजता दुकान उघडून टेबल पुसतेय, तर समोर सिस्टर! पायात कॅनव्हासचे बूट. आधी तुझ्या बाबांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, मिस्त्री, दवाखान्यात तुम्हाला बोलले ते परत घेते. हे आपले पान्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, वही काढा. काढली. मी पेन पुढे केलं, सवयीने. तर म्हणाल्या, अशी कशी मारू रेघ? तुमचा नियम काय आहे? आधी चालवून यायचं ना? किल्ली द्या! अगं, तुझ्या बाबांची ती जुनी गाडी, तिची किल्ली मागितली त्यांनी, आणि ह्यांनी मुकाट्याने दिली, पण आधी पुढचं चाक दोनदा फिरवून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, वहिनी, तुम्ही मागे बसा. सतरा वर्षांत गाडीला न शिवलेली बाई, तिचं वाकडं मनगट, आणि मागे मी साठ किलोची! पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? बसले. आधी मैदानाला चार चकरा झाल्या. मग बाजाराचा उतार आला. मी डोळे मिटले आणि त्यांचं पोट असं आवळलं, की त्या ओरडल्या, श्वास तर घेऊ द्या! निम्म्यात त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली. आम्ही दोघी कान देऊन बसलो. काही नाही. मी म्हटलं, सिस्टर, पण ही गाडी ती नव्हे. त्या म्हणाल्या, उतार तर तोच आहे ना? दुकानात परत आलो, त्यांनी त्याच वाकड्या हाताने पेन धरलं आणि कुईंवर रेघ मारली. जरा तिरकी आली. तुझे बाबा हात पुसायचं फडकं तोंडावर धरून मागच्या खोलीत गेले.

तर माफीनामा लिहून मागितला होतास, तो हा. साहेबांना नाही, तुला आहे, आणि माझा आहे. त्या पंधरा दिवसांसाठी मला माफ कर, ठकू. बाबांनी सिस्टरांचा हात मोडला नव्हता, मी मोडला होता, आणि तुझ्या मनात बाबांबद्दल तेव्हाचा एवढासाही सल उरला असेल, तर तो आज काढून टाक आणि त्यांना फोन कर. काही बोलणार नाहीत ते, पण फोन ठेवणारही नाहीत. साहेबांसाठी मात्र माझ्याकडे एकही ओळ नाही. तू काय चुकलीस तेच मला सापडलं नाही, दोन कागद त्यातच गेले. सोमवारी त्यांच्या टेबलावर काय ठेवायचं ते तू ठरव, आणि गोदामात बसवलं तर ताठ मानेने बस. सोबत नवी वही पाठवतेय. पहिलं पान आता कोरं आहे. त्यावर ‘हँडल वळवलं की, कट्ट’ असं लिही आणि त्या काकांना शोधून रेघ मारायला पेन दे.

तुझीच,
काउंटरवरची आई