फोडणीच्या वासावरून

जोगेश्वरी, ता. १२ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,

वनमालेचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कुरकुरते, पण धाकट्या बहिणीला सुटका नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? तुझ्या नातीला, माणिकला, दहावा महिना लागला, दोन दात आले, हे तू दोन्ही पत्रांत लिहिलंस. तिला गोवराची लस टोचली का, हे मीही दोन्ही पत्रांत विचारलं होतं. उत्तरादाखल तू कुळथाची पिठी कशी झाली होती ते कळवलंस!

इकडे गोवराची साथ आहे. आमच्या दवाखान्याने मला वही देऊन चाळीचाळीतून फिरायला लावलंय. आजारी पोर लिहून घ्यायचं, बाकीच्यांना लशीला पाठवायचं. पण आपली माणसं तुला माहीत आहेत. गोवर म्हणजे देवी आली, ते बाहेर बोलायचं नाही. दारोदार एकच उत्तर, "आमच्यात कोणाक काय नाय हां!" मग माझ्या डोक्यात आलं, देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत ना? म्हणजे सकाळी अकराला चाळीत उभं राहायचं आणि ज्या दारातून लसूण-मोहरीचा वास येत नाही तिथं शिरायचं. (हसू नकोस. डॉक्टर हसून झालेत.)

पहिल्याच दिवशी शांताबाईंच्या घरातून वास नाही. मी घुसले, खाटेखाली वाकून पाहिलं, "पोर कुठं लपवलंय?" म्हणून दरडावलं. बाई रडायलाच लागली. तिची पोरं कॉलेजात जाणारी, खाटेखाली कशाला मावतील! नवऱ्याशी अबोला होता, म्हणून तीन दिवस चूल बंद. दोघांची समजूत घालून, चहा पिऊन निघाले. वहीत काय लिहावं ते काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी माझ्या नाकाची बातमी चाळभर. सुंदराबाई आजींच्या दारात तर ठसका लागेल अशी खमंग फोडणी. मी खूश होऊन पुढे निघाले होते, तेवढ्यात पाहिलं, स्टोव्ह उंबऱ्यातच मांडलेला, आजी पदराने वास माझ्याकडे सारताहेत, आणि फोडणी घालायला आमटीच नाही! आत गोधडीत दोन वर्षांची नात तापाने फणफणलेली, श्वास भराभर चाललेला. आजी हात जोडून म्हणाल्या, "फोडणी दिलंय, आता देवी आई कोपतली गो, बाय. पण तू चेडवाक घेवन जाशीत म्हणान भियालंय."

रागावणार होते, पण मलाच रडू फुटलं. पोरीला उचललं, आजींना धरलं आणि रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. न्यूमोनिया झाला होता, आठ दिवस ठेवून घेतलं. काल घरी आली. मला बघून तिने भोकाड पसरलं, आवाज अगदी खणखणीत. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार, माणिकला पापे.

तुझी,
वनमाला

ता. क. ताई, आपली सगळ्यांत धाकटी प्रेमा गोवराने गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तू तिला मांडीवरून कुणाकडे देतच नव्हतीस, मला आठवतं. अजून म्हणतेस, आपलंच काही चुकलं म्हणून देवी कोपली. तुझं काही चुकलं नव्हतं गं. तेव्हा लसच नव्हती.

आणखी एक. रजा मिळाली आहे, सोमवारी २२ तारखेला पोचते. मंगळवारी उपकेंद्रात नर्सबाई असतात, माणिकला नेऊ. टोचतील त्या, मी नाही. (आमच्या अनुपमाच्या बाळाला टोचलं तेव्हा ही शूर आजी बाहेर व्हरांड्यात रडत उभी होती.) तेव्हा माझा भरवसा धरू नकोस. माणिकला मांडीवर तूच घेऊन बस.