दोघींचा बाप्तिस्मा

१ सप्टेंबर, रविवार

टाळ्या! आमच्या चर्चमध्ये, दुसऱ्या गीताच्या ऐन मध्यावर, चक्क टाळ्या! एकसष्ट वर्षांत त्या छताखाली मी टाळी ऐकली नव्हती. ऑर्गनवाले काका दचकून थांबले. दुसऱ्या चर्चमधून आलेली ती मंडळी काही थांबली नाहीत.

त्यांच्या सभागृहाची भिंत खचली म्हणून आमच्याकडे या म्हटलं. ते ठीकच. पण 'या' म्हटलं होतं, 'टाळ्या घेऊन या' म्हटलं नव्हतं! आता वर्षभर एकत्र उपासना, आणि आमच्या पाळकांच्या मनात पुढेही एकच मंडळी व्हावी असं आहे. त्यांचे पास्टर आठवडाभर नळदुरुस्ती करतात. पाण्याशिवाय या लोकांना सुचतच नाही! मोठ्या माणसाला अख्खं पाण्यात बुडवलं तरच तो बाप्तिस्मा, आणि आम्हांला तान्हेपणी कपाळावर शिंपडलं ते जणू झालंच नाही.

धाकटी त्यांच्यात बसली होती. माझी जुळी बहीण. सतरा मिनिटांनी लहान, आणि त्या सतरा मिनिटांपायी जन्मभर मला ताई म्हणते. बत्तीस वर्षांपूर्वी इथून उठून त्यांच्याकडे गेली, बुडी मारून आली, वर्षभरात तिथलाच नवरा केला. मी तोंडावर सांगितलं होतं, 'नवऱ्यासाठी पहिला बाप्तिस्मा पुसलास!' ती चपला घालून निघून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं आहे, पण आत्याच्या औषधांपुरतं.

४ सप्टेंबर, बुधवार

दोन्ही मंडळ्यांच्या समितीची बैठक. अडीच तास! मुद्दा एकच — २९ तारखेला पहिलं एकत्र प्रभुभोजन, तर भाकर आणि द्राक्षारस द्यायचा कोणाला? आमचे म्हणाले, दोनदा बाप्तिस्मा घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान. ते म्हणाले, पाळण्यातल्या पोराला काय कळतं, त्याला बाप्तिस्मा म्हणायचंच कशाला. आवाज चढले. एकमेकांच्या अंगावर वचनं फेकली गेली. शेवटी मी सचिव म्हणून टेबलावर वही आपटली. म्हटलं, शिंपडलेलं असो की बुडवलेलं, ज्याची नोंद कोणत्याही चर्चच्या वहीत आहे त्याचा बाप्तिस्मा झाला. नोंद असेल तो प्रभूच्या मेजावर येईल, नसेल तो येणार नाही. विषय संपला.

दोन्हीकडच्या माना हलल्या! धाकटीची तेवढी नाही. ती त्यांच्या बाजूनं समितीवर आहे. पाळक म्हणाले, 'बाई, एका वाक्यात एकी करून दाखवलीत.' घरी येताना मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं काढली की एवढं तरी येतंच. अंदाजानं काच बसवायची नाही, नंबर लिहिलेला हवा.

८ सप्टेंबर, रविवार

याद्या तपासल्या. त्यांच्या सत्तेचाळीस जणांपैकी सेहेचाळीस नोंदी मिळाल्या. एक नाही. त्यांच्यातला सुतार — तो धिप्पाड, अबोल माणूस, जो कोणी न सांगता आमची मोडकी बाकं दुरुस्त करत असतो. त्याच्या जुन्या चर्चची वही पुरात गेली. पास्टर वारले, साक्षीदार वारले.

म्हणाला, 'मला भिजल्याचं आठवतंय, बाई. पाणी फार गार होतं. तेवढं पुरत नाही का?'

'नाही,' म्हटलं. 'आठवण म्हणजे नोंद नव्हे.'

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा बाक घासायला लागला. वाईट वाटलं मला. पण एकाला सूट दिली की सगळं मुसळ केरात!

११ सप्टेंबर, बुधवार

धाकटीचा फोन. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात. मग जरा थांबून, 'ताई, सुताराला येऊ दे ना. नियम काय, तूच तर केलास.' म्हटलं, म्हणूनच मोडणार नाही. फोन ठेवला. मीच.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज हे अक्षर माझं वाटत नाही.

आत्याकडे गेले होते. शनिवार माझा, बुधवार धाकटीचा. आत्या नव्वदीची, कान गेलेत, बाकी सगळं लख्ख. आमची धर्ममाताही तीच, बाप्तिस्म्याच्या वेळी आम्हांला हातांवर घेऊन उभी राहिलेली. म्हणून मोठ्या कौतुकानं तिला नियम सांगितला. ओरडून, दोनदा.

ती हसायला लागली. खोकला लागेपर्यंत हसली! पाणी दिलं. तर म्हणते, 'अगं, मग पहिलं तुझंच नाव कापावं लागेल!'

'माझं? माझी नोंद आहे, आत्या. खाली तुझी सही आहे.'

'सही आहे गं. पण तू कुठे होतीस?'

मी घरी होते! पाच महिन्यांची, अंगभर गोवर फुललेला, उशाशी आजी. आणि चर्चमध्ये माझं नाव घेतलं जात होतं!

'जुने पाळक दुसऱ्या दिवशी बदलून जाणार होते,' आत्या सांगत होती. 'नवे कधी येतील कोण जाणे. गोवर आहे म्हटलं असतं तर दोघींनाही आत घेतलं नसतं. आणि तू... तू राहतेस असं कोणालाच वाटत नव्हतं, बाळा. तशीच गेलीस तर? तुझ्या आईचं रडं थांबेना. मग मीच म्हटलं, एकीलाच दोनदा नेऊ. आधी पांढरं टोपडं घालून धाकटीच्या नावानं. मग बाजूच्या खोलीत नेऊन पिवळं टोपडं घातलं, आणि तुझ्या नावानं. पाळकांना मोतीबिंदू. त्यांना टोपडं तेवढं दिसलं.'

मोतीबिंदू! मी जगाला चष्मे लावते, आणि माझा सगळा विश्वास उभा एका मोतीबिंदूवर!

'पाच दिवसांनी धाकटीलाही गोवर निघाला,' आत्या म्हणाली, 'आणि मग मंडळीतल्या अर्ध्या पोरांना!' पुन्हा हसली. मला ना हसू येत होतं, ना रडू. खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले.

म्हणजे धाकटीचे तीन. दोन शिंपडून, एक बुडवून. माझा एकही नाही!

१५ सप्टेंबर, रविवार

उपासनेला गेले. गायला तोंडच उघडेना. ऑर्गनवाले काका म्हणाले, 'घसा बसला का?' हो म्हटलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आत्या घोटाळा करत असेल. वय झालं. दोन दिवस मनाला हेच समजावलं. आज दुपारी दुकान बंद करून चर्चच्या कपाटातली जुनी वही काढली. एकाखाली एक दोन ओळी. तारीख तीच, शाई तीच, आत्याची सही दोनदा. इतकी स्वच्छ नोंद मी दुसरी पाहिली नाही. आणि साफ खोटी!

मग घरी येऊन आल्बम उघडला. त्या दिवसाचा फोटो एकच. चर्चच्या पायरीवर आई, आत्या आणि एक बाळ. एक! ते बाळ म्हणजे मीच असं मी लहानपणापासून ठणकावून सांगत आले. 'तुला कोणी फोटोतही घेतलं नाही,' म्हणून धाकटीला रडवायचे. देवा!

प्रभुभोजनाच्या रांगेत मी पंधराव्या वर्षापासून उभी राहतेय. आई गेली त्या आठवड्यातही उभी होते. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. पण त्या रांगेत उभं राहिलं की आपलं घर आहे असं वाटायचं. आता २९ला मी कुठे उभी राहू?

१९ सप्टेंबर, गुरुवार

पाळकांना सांगितलं. ते आधी उभे राहिले, मग बसले. वय जेमतेम तीस. माझ्याच दुकानातला चष्मा काढून पुसत बसले.

'बाई, इतकी वर्षं प्रभुभोजन घेताय. ते काय वाया गेलं?'

'माझ्या नियमानं, हो.'

'मग असं करू. शनिवारी मागच्या खोलीत या. मी पाणी शिंपडतो. दोन मिनिटांचं काम. वहीत नोंद आहेच, कोणाला कळायचं कारण नाही.'

मोह झाला! या पानाशी तरी खोटं कशाला बोलू. हो म्हणून बाहेर पडले. तर सुतार एका बाकाखाली उताणा पडून स्क्रू पिळत होता. तिथूनच म्हणाला, 'हे बाक तुमचं ना, बाई? आता करकरणार नाही.' इतकी लाज वाटली! तशीच निघून आले.

२१ सप्टेंबर, शनिवार

मागच्या खोलीत गेले नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं! समितीत उभी राहिले आणि गोवर, टोपडी, मोतीबिंदू — सगळं सांगून टाकलं. पास्टरांचं तोंड उघडं ते उघडंच.

मग म्हटलं, 'नियम मागे घेते. माझ्याकडे नोंद आहे, बाप्तिस्मा नाही. सुताराकडे बाप्तिस्मा आहे, नोंद नाही. रविवारी मेजावर त्यानं यावं. मी येणार नाही.'

आता सगळे अंगावर येतील असं वाटलं होतं. छे! भांडण लागलं ते मला भिजवायचं कसं यावरून! आमचे म्हणाले, बाई आपल्या, शिंपडूनच व्हायला हवं. ते म्हणाले, बाई जाणत्या, आपणहून मागतायत, बुडी यांनी नाही मारायची तर कोणी? पास्टर म्हणाले, बाप्तिस्म्याची टाकी तीन तासांत भरते, नळ मीच बसवलाय. ऑर्गनवाले काका ओरडले, 'अहो, हिला संधिवात आहे!' दोन्हीकडचे मला आपली म्हणत होते, आणि त्या क्षणी मी धड कोणाचीच नव्हते.

सुतार खिडकीची कडी बसवत होता. त्यानं येऊन खुर्ची पुढे केली. 'बसा, बाई. पाणी कुठे पळून जात नाही.'

धाकटी मात्र मधेच उठून गेली. चेहरा पांढराफटक. बाहेर जाऊन हसली असेल. बत्तीस वर्षांनी तिला संधी मिळाली!

निर्णय माझ्यावर सोपवलाय. रविवारी उपासनेआधी बाप्तिस्मा. कसा, ते मी शनिवारपर्यंत सांगायचं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ठरत नाही. शिंपडून घेतलं तर ते दुखावतील, बुडाले तर आमचे. ही एकी मोडली तर खापर माझ्याच डोक्यावर, आणि डोकं अजून कोरडंच!

२८ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दुकानाचं कुलूप काढत होते, तर मागे धाकटी. आत यायलाही थांबली नाही, पायरीवरच बोलली.

तिला माहीत होतं! बत्तीस वर्षं! आईनं शेवटच्या दुखण्यात तिला सांगितलं, आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातली.

'माझे दोन झाले, ताई, आणि तुझा एकही नाही. मला घास उतरेना. आपल्या चर्चमध्ये तुझ्यासाठी कोणाला काय सांगणार? वहीत नोंद होती. म्हणून त्यांच्याकडे गेले. नवऱ्यासाठी नाही गं, त्याला तर मी ओळखतही नव्हते. पाण्यात गेले तेव्हा मनात तुझं नाव घेतलं.'

त्या दिवशी ती तिथून सरळ माझ्या घरी आली होती. केस ओले. मी खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं नाही.

पास्टरांना फोन केला, टाकी भरा. आमच्या पाळकांना फोन केला, तुमचा पाणी शिंपडायचा कटोराही आणा. दोघांनी विचारलं, म्हणजे नक्की कसं करायचं?

म्हटलं, धाकटी सांगेल तसं.