डिस्कवरचं कुंकू

खंडेनवमी, संध्याकाळ. अमरावती.

अंगठ्याचं कुंकू अजून धुतलेलं नाही.

आमच्या चॅनेलचं सगळं चित्रीकरण एका कपाटातल्या सोळा डिस्कवर असतं. आठ-आठचे दोन गट, एकेक चित्रण आठ डिस्कांत वाटलेलं, म्हणून प्रत्येकीची जागा ठरलेली; सगळे एडिटर त्यातूनच काम करतात. आज यंत्रांची पूजा. मी हौसेनं एकेक डिस्क बाहेर काढली, ओल्या फडक्यानं पुसली, कुंकू लावलं. पुसताना त्यांच्यावर स्केचपेननं लिहिलेले जागांचे नंबरही गेले! मग अंदाजानं बसवल्या. सुरू केलं तर पडद्यावर एकही गट दिसेना. नवीन गट बनवायचा का, एवढंच विचारत होतं.

रफिकभाई, आमचे सगळ्यात जुने एडिटर, मागून ओरडले, "थांब बे! हात नको लावू!" तोवर मी 'हो' दाबलं होतं, आणि डिस्कवरचं जुनं सगळं पुसलं गेलं. काहून दाबलं? इतकी वर्षं ही यंत्रं सांभाळायचंच तर काम करतो मी. सोळाही डिस्कवर माझ्याच अंगठ्याचं कुंकू.

हिवरखेडच्या सुमनताईंच्या नवऱ्याची मुलाखत त्यातच होती. कापूस खरेदीच्या रांगेत उभा राहून हसत बोलला होता. पुढच्याच आठवड्यात तो गेला, आजकाल आपल्याकडे कर्जापायी शेतकरी जीव देतात तसाच. लेक तेव्हा पोटात होती. घरात त्याचा एक फोटोही नाही.

"दुसरीकडं कॉपी असंल ना?" रफिकभाईंनी विचारलं. ती मीच करणार होतो. दिवाळीनंतर.

तेवढ्यात सुमनताईंचाच फोन आला. "भाऊ, उद्या येऊन राहिली मी, लेकीले घेऊन. तिनं बापाचा आवाज आयकलाच नाई."

आणि मी म्हणालो, "या, ताई."