पाच पदांची शेवटची ओळ

प्रिय मामा,

पत्र कशासाठी ते आधी सांगतो. तुमच्या पाच पदांचं रेकॉर्डिंग परवाच्या गुरुवारी पूर्ण झालं. म्हणजे दुसऱ्यांदा पूर्ण झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या हातून एक चूक घडली होती, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मामी म्हणाली, "एवढं वाटतंय तर त्यांनाच लिही. माझं डोकं खाऊ नकोस."

तुम्ही गेल्यावर तुमची पेटी कपाटावर जाऊन बसली होती. उन्हाळ्यात मी ती खाली काढली, भाता पुसला आणि तुमची वही उघडली. पदं सगळी पाठ होती. लहानपणी तुमच्याकडे शिकायला म्हणून आलो तेव्हापासून ऐकत होतो. शिक्षण आयटीआयच्या पहिल्या वर्षातच सुटलं, पदं मात्र राहिली. पण तुमच्या आवाजातलं एकही माझ्याकडे नाही. मोबाइल कायम खिशात असायचा, मामा. काढावासा का नाही वाटला? वाटायचं, पुढच्या वेळी नीट शांततेत घेऊ.

म्हणून ठरवलं की आता आपणच म्हणून ठेवायचं.

आमच्या आतल्या खोलीत दोरी बांधून मी तिन्ही बाजूंनी गोधड्या टांगल्या. पंखा बंद, खिडकी बंद. मामीला सांगितलं, दोन ते चार कुकर लावायचा नाही. ती म्हणाली, "माझ्याच घरात भाताला तुझी परवानगी काढू का?" तरी तिने लावला नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी पोहे खाल्ले.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. महाळुंग्याच्या कंपनीत माझं कामच पार्ट तपासायचं. गाण्याचंही मी तेच केलं. एक-एक पद वीस-पंचवीस वेळा म्हणायचं, कुठे श्वास ऐकू आला की पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून. चार महिन्यांच्या गुरुवारच्या सुट्ट्या त्यात गेल्या. पण खरं सांगू? एवढा आनंद मला कुठल्याच कामात मिळाला नव्हता. त्या गोधड्यांच्या आत मला कशाचीच भीती वाटायची नाही.

आता चूक.

तुमच्या वहीत प्रत्येक पदाच्या शेवटच्या ओळीत वेगळंच नाव होतं. एकात सदा म्हणे, दुसऱ्यात बाळू म्हणे, एकात तर शांता म्हणे. मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, तुमचा तो नम्रपणा. स्वतःचं नाव घालायला लाजला असाल. पण पद कोणाचं हे लोकांना शेवटच्या ओळीवरूनच कळतं ना? उद्या कोणी म्हणेल, ही पदं दत्तूने कुठून तरी उतरवून घेतली. ते मला सहन झालं नसतं. दत्तूही दोनच अक्षरं, चालीत बरोबर बसतं. मी पाचही ठिकाणी तुमचं नाव घातलं आणि तुमच्या कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर पाठवून दिलं. पुष्कळ जणांनी हात जोडले. मला धन्य वाटलं.

पुढच्याच गुरुवारी सदाकाका आले. तुमच्या शेजारच्या पॉवर प्रेसवर वीस वर्षं उभे राहिलेले सदाकाका, राजगुरुनगरच्या पलीकडून, दोन बस बदलून. मामीने पाणी दिलं ते तसंच ठेवलं.

"गणू," ते म्हणाले, "माझ्या पदातून मलाच काढलंस व्हय?"

मला काही कळेना. मी म्हणालो, "काका, पद तर मामांचं आहे."

"रचलं त्यानं. पर हाय माझं."

मग त्यांनी सांगितलं. खंडेनवमीला कारखान्यातल्या तुमच्या शॉपमध्ये मशीन धुऊन, झेंडू लावून पूजा व्हायची. त्या वर्षी जो कोणी कामावरून सुटायचा त्याला कंपनीकडून नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. आणि तुम्ही त्याच्या नावाचं एक पद म्हणायचात. त्यातली शेवटची ओळ त्याची. त्या दिवसापासून ते पद त्याचं.

"घड्याळ कवाच बंद पडलं," सदाकाका म्हणाले. "पद चालू हाय. पोरीच्या लग्नात म्हटलं, नातवाच्या बारशाला म्हटलं. परवा तोच नातू मोबाइलवर तुझं ऐकून मला सांगतो, आजोबा, तुमी चुकीचं म्हणता. त्यात तुमचं नाव न्हाईच."

मामा, मला तेव्हा जमिनीने गिळलं असतं तरी चाललं असतं. मी मामीकडे पाहिलं. तिला हे ठाऊक होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू आत कोंडून घेऊन काय म्हणत होतास ते मला ऐकू यायला हवं ना," ती म्हणाली. "एवढ्या गोधड्या."

यावर सदाकाका हसले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्याने मला जरा धीर आला.

ग्रुपवरची पाचही पदं मी त्यांच्यासमोर काढून टाकली आणि माफी लिहिली. चार वेळा वाचून पाठवली. मग म्हणालो, "काका, शेवटच्या ओळी मी पुन्हा म्हणतो." ते म्हणाले, "तू कशाला? माझी ओळ मी म्हणणार." आणि चपला बाहेर ठेवलेला तो माणूस थेट गोधड्यांच्या आत जाऊन मांडी घालून बसला.

सदा म्हणे आता, हात हे मोकळे
घरचे सोहळे, पाहू दे रे

हात वर करून म्हटलं त्यांनी. उजव्या हाताची दोन बोटं प्रेसने नेलेली आहेत हे मला माहीत होतं. पण ही ओळ इतकी वर्षं म्हणताना ते मला कधी दिसलं नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे बघूनच लिहिलं असणार.

मग एकेक जण येत गेला. कॅन्टीनच्या शांतामावशी आल्या, त्यांचा सूर लागला नाही. मी त्यांना पुन्हा म्हणा असं म्हणालो नाही. बाळूकाका आता गावी, तिकडे लातूरला असतात. त्यांनी ओळ मोबाइलवर पाठवली. मागे शेळी ओरडते आहे, ती मी राहू दिली. उरलेले दोघे जोडीने आले आणि रेकॉर्डिंगपेक्षा चहालाच जास्त वेळ बसले. कंपनीत हे पार्ट माझ्या टेबलावरून पुढे गेले नसते. घरी मी सगळे पास केले.

परवा शेवटची ओळ झाल्यावर सदाकाकांनी विचारलं, "दत्तू सुटला तवा त्याला कुनी पद दिलं?"

कोणीच दिलं नव्हतं. तुमचं शॉप वर्षाच्या मध्येच बंद झालं. त्यानंतर तिथे खंडेनवमी आलीच नाही. तुम्हाला घड्याळही मिळालं नव्हतं, मामा. आणि तुम्ही घरी त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. असं का करायचं माणसाने?

तर ते पद मी रचतो आहे. माझं पहिलंच. चाल साधी घेतली आहे, तीन कडवी झाली आहेत, दुसऱ्याचं यमक अजून पक्कं नाही. सदाकाका घरी खंडेनवमीला जुने पाने आणि पक्कड मांडून पूजा करतात. या वेळी सगळे त्यांच्याकडे जमणार आहेत. तिथे मी ते म्हणेन. चार माणसांसमोर मी अजून कधी गायलो नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

शेवटची ओळ तुमच्या नावाची. ती म्हणायला तुम्ही नाही, म्हणून मामीने म्हणावी असं सगळ्यांचं ठरलं. तिने लग्नापासून तुमचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. आज सकाळी डबा भरताना म्हणाली, "नाव घेईन. पण एकदाच. सरावाला नाही."

मामा, त्या एका वेळी बटण दाबायला मी चुकणार नाही. हे माझं वचन.

तुमचा भाचा,
गणेश