ट्रम्पेटची जागा

५ जानेवारी, सकाळ
आजपासून संकल्प. ड्रीम जॅझ बँड. परदेशातले शौकीन करतात म्हणे, आवडते वादक निवडून मनातल्या मनात बँड उभा करतात. मी खराच उभा करणार. अट एकच: सगळे वादक जिवंत हवेत. आमची बायको शालूबाई म्हणते, मी सारखा मेलेल्यांतच असतो. बघच म्हणावं आता.
क्लॅरोनेट: मी, गणपतराव. लग्नाच्या बँडमध्ये उभा जन्म गेला. ड्रम: भरमाप्पा, त्याच बँडमधला. कीबोर्ड: दानेश्वरी, राजारामपुरीत क्लास घेते. ट्रम्पेट: बघू. घाई नाही.

६ जानेवारी, संध्याकाळ
घरामागून ट्रम्पेट ऐकू आलं. शेवटचा सूर खाली ओढत. दूधवाल्याचा हॉर्न असणार.
आमच्या बँडचा ट्रम्पेटवाला कृष्णात असाच ओढायचा. वरात दारात पोचली की बाकीचे जेवायला पळायचे आणि आम्ही दोघं रस्त्यातच उभे राहून जॅझ वाजवायचो. माझी एक ओळ, मग चार मात्रा त्याचं उत्तर. गेल्या फेब्रुवारीत गेला. असो. मी पूर्ण सावरलोय.

११ जानेवारी
कृष्णातची बायको विठाबाई, तिचा फोन. म्हणाली, भावजी, वर्षश्राद्धाला भजन नको, तुमचं ते जॅझच वाजवा, त्यास्नी लई आवडायचं. मी म्हणालो, नव्या बँडच्या गडबडीत आहे, वेळ नाही. खोटं थोडंच बोललो?

१६ जानेवारी
ट्रम्पेटवाले दोन बघितले. एकाचे बूट फार चकचकीत. दुसरा वाजवताना डोळे मिटतो. कृष्णातही मिटायचा, पण त्याला कारण असायचं. दोघेही रिजेक्ट.
संध्याकाळी पुन्हा ट्रम्पेट. चौकशी केली, दूधवाला गावाला गेलाय. शालूला विचारलं. म्हणाली, मला कायबी ऐकू येत न्हाय. तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

२२ जानेवारी
भरमाप्पानं मला न विचारता पेठ वडगावचा शशिधर आणला. ट्रम्पेट. बूट साधे. डोळे उघडे. दुसरं काही खटकेना, म्हणून ठेवला.
दानेश्वरीच्या क्लासात पहिली रिहर्सल. उत्तम! फक्त माझी ओळ झाली की सगळे माझ्याकडे बघायचे. भरमाप्पा म्हणाला, मास्तर, मधीच का थांबलासा? मी म्हणालो, जॅझमध्ये अशी विश्रांती असते. यांना थिअरी शिकवावी लागणार.

२९ जानेवारी
तेच. शशिधरनं अदबीनं विचारलं, काका, तेवढ्या जागेत मी वाजवू का? म्हणालो, ती जागा भरलेली आहे. दानेश्वरी म्हणाली, कुणी? मी पाणी प्यायलो.

२ फेब्रुवारी
आज त्यानं न विचारताच वाजवलं. माझी ओळ संपली, चार मात्रा, शेवटचा सूर खाली ओढलेला. हुबेहूब. मी क्लॅरोनेट पेटीत घातलं आणि जाहीर केलं की पोराचा सूर पडतोय. भरमाप्पा खाली बघत राहिला. त्याला माहीत आहे, सूर पडत नव्हता.
घरी शालू म्हणाली, तुमाला बँड नकोच हाय, किस्ना पायजे. मी म्हणालो, हा शुद्ध तांत्रिक प्रश्न आहे. जेवलो नाही. भूक नव्हती.

९ फेब्रुवारी
वर्षश्राद्धाला गेलो. फक्त जेवायला. क्लॅरोनेट मुद्दाम घरी ठेवलं.
मांडवात भरमाप्पा, दानेश्वरी, शशिधर. विठाबाईनं परस्पर बोलावलेले. माझाच बँड! आमचंच वाजवायला लागले आणि माझ्या ओळीला तिघंही थांबले. मग शशिधरनं उत्तर दिलं, कुणीच न वाजवलेल्या ओळीला. पुन्हा माझी ओळ आली, पुन्हा थांबले. अख्खी पंगत माझ्याकडे बघतेय आणि माझ्या हातात वडा.
शालू कानाशी म्हणाली, अवो, तुमची जागा धरून ठेवल्यात त्यांनी. मी म्हणालो, जॅझमध्ये अशी विश्रांती असते. भर पंगतीत रडलो.
संध्याकाळी घरामागं जाऊन उभा राहिलो. दूधवाला परत आलाय. हॉर्न वाजवत गेला. नुसता हॉर्न होता.