ठासणीची बंदूक आणि नदीपलीकडची खोली

इलिनॉय, १४ सप्टेंबर २०१४

ती. ऑर्विलदादास,
मॅविसचा सा. न.

तू पायरीवरून घसरलास हे मला तुझ्या घरमालकाच्या फोनवरून कळावं, याला काय म्हणायचं? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकट्याने राहणं आता पुरे. तुझ्या मेहुण्याने, लॉइडने, गळ-दोऱ्यांच्या पेट्या हलवून मागची खोली रिकामी केली आहे. त्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, म्हणून मला तिकडे येता येत नाही. तूच ये.

एकच अडचण आहे. तुझ्या दारावर टांगलेली पणजोबांची ठासणीची बंदूक. इथल्या कचेरीत विचारलं. तुमच्या मिसुरीत ती जुनी वस्तू, पण आमच्याकडे तोंडातून दारू ठासा नाहीतर मागून काडतूस घाला, बंदूक ती बंदूक. तिला परवान्याचं कार्ड लागतं, आणि एकदा तुरुंगात जाऊन आलेल्याला ते मिळत नाही. एकोणिसाव्या वर्षी गिरणीचं कुलूप फोडलंस ते त्यांना अजून पुरतं. रागावू नकोस.

तुझी,
मॅविस


मिसुरी, २१ सप्टेंबर

चि. मॅविसला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू पाठवलेला पीचचा मुरंबाही पोचला. साखर जास्त आहे, आईसारखीच.

आपल्या दोघांमधली नदी अर्धा मैल रुंद. पुलाच्या नेमक्या कुठल्या खांबापाशी माझी जुनी वस्तू बंदूक होते, तेवढं त्या कचेरीला विचारून ठेव. अठ्ठावन्न वर्षांत मी तिने वर्षाला एक हरीण मारलं, आणि एकदा स्वतःच्या भुवया जाळल्या. बाकी कुणाचं काही वाकडं केलं नाही.

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून सांगतो. मी सुटून आलो त्या दिवशी बसथांब्यावर बाबा एकटेच आले होते. चर्चमधल्या माणसांनी रस्ता बदलला. घरी आल्यावर बाबांनी ती भिंतीवरून काढली आणि म्हणाले, "घे, ही तुझी." चोरी करून आलेल्या पोराच्या हातात कुणी बंदूक देतं का? त्यांनी दिली. ती सोडून मी येणार नाही. लॉइडला म्हणावं, पेट्या परत ठेव.

माया असू दे, रागातसुद्धा.
ऑर्विल


इलिनॉय, ८ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एक म्हणाला, शोभेची असेल तर चालेल. दुसरा म्हणाला, दारू ठासता येते ना, मग शोभेची कशी? तिसऱ्या बाईंनी वकील करा म्हटलं. वकील म्हणाला, तुमच्या नावाचं कार्ड काढलंत तरी भाऊ त्याच घरात राहणार, तेव्हा मी खात्री देत नाही. चूक झाली तर तुरुंगात तूच जाशील. या वयात मी तुला तिथे भेटायला येऊ का?

तुझ्या शनिवारच्या नेमबाजांपैकी कुणाला देता येणार नाही का? एमेट असतो ना?

वाट पाहते आहे.
मॅविस


मिसुरी, १५ ऑक्टोबर

चि. मॅविस,

शनिवारी आता मी एकटाच जातो. एमेटला त्याच्या मुलाने फ्लॉरिडाला नेलं, तो आता मलाही ओळखत नाही. तू विचारणं थांबव. मी इथे ठीक आहे.

ऑर्विल


इलिनॉय, ३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून हे सांगायचं होतं, पण तुला ऐकू येत नाही आणि एवढं ओरडून सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहिते.

पुन्हा पडून तुझं खुब्याचं हाड मोडल्यावर घरमालकाने महिनाअखेरीस घर रिकामं करायला सांगितलं. मी गुरुवारी गेले. भांडी, कपडे, आईचं घड्याळ गाडीत भरलं. बंदूक तिथेच ठेवावी तर घरमालक ती विकणार, आणावी तर पूल. ती मागच्या सीटवर रजईत गुंडाळून पुलाच्या तुमच्या बाजूला तासभर बसून राहिले. मग गाडी वळवली आणि तुमच्या गावच्या शेरीफच्या पोलीसचौकीत ती सांभाळायला दिली.

तिथला माणूस सभ्य होता. पण फॉर्मवर बंदुकीचा नंबर लिहायचा होता. पणजोबांनी घडवलेल्या बंदुकीला कुठला नंबर? त्याने नळी उलटसुलट पाहिली आणि 'नाही' लिहिलं. आता तो म्हणतो, नंबर नाही, पावती नाही, मग ती तुमचीच कशावरून? परत हवी असेल तर बंदुकीच्या मालकाने पुरावा घेऊन यावं, नाहीतर हक्क सोडल्याची सही करावी.

मी तुला विचारलं नाही. तू कायमचं बोलणं टाकलंस तरी मी समजेन.

मॅविस


मिसुरी, ११ नोव्हेंबर
(नर्सबाईंकडून लिहवून)

चि. मॅविसला अनेक आशीर्वाद.

शेरीफचा माणूस काल इथे येऊन गेला. तू गाडी वळवलीस ते बरं केलंस. तुला पुलावर पकडलं असतं, तर मी या पलंगावरून काय करणार होतो?

मी सही केली. पुरावा देणारी माणसं सगळी दफनभूमीत आहेत, आणि परत मिळाली तरी टांगायला दार नाही. गावच्या संग्रहालयात द्या म्हणून विनंती केली. तो म्हणाला विचारून पाहतो, पण नंबर नसलेल्या बऱ्याच वितळवतात.

फॉर्मवर कारण लिहायला जागा होती. मी सांगितलं, बहिणीकडे राहायला जातो आहे. तो म्हणाला, तसं चालत नाही, छापलेल्यापैकी एकावर खूण करा. तीनच कारणं होती. सापडली. मालक वारला. नको आहे.

मी 'नको आहे'वर खूण केली. बाबांनी दिलेल्या वस्तूवर.

शुक्रवारी दहाला सोडणार आहेत. गाडी घेऊन ये. पुलावर माझ्याशी बोलू नकोस, रस्त्याकडे बघ.

तुझा,
ऑर्विल